काकांचं दुखणं आणि माझी एन्झाइमं

मी मुंबईला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते, त्या वर्षी चौलला माझे काका बोलायचे थांबले. शाळेत गणित शिकवणारा, सुपारीच्या बागेत शिंपणं करताना मोठ्याने पाढे म्हणणारा माणूस. तो ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसू लागला. गावात कुणी बाधा म्हणालं, कुणी देवाचं राहिलं असेल म्हणालं. काकूने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काकांना रेवसहून लाँचने मुंबईला आणून मनाच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी काकांनी आपणहून चहा मागितला. काकू चुलीपाशी जाऊन रडली आणि भरपूर साखर घातलेला चहा घेऊन आली.

दिवाळीत मी चौलला गेले, तेव्हा काका बागेत होते.

"तू तिकडे नेमकं करतेस काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू बर्फात घालून आणायचा, वाटायचा आणि त्यातली एन्झाइमं वेगळी करायची. मेंदूत पाण्याखालोखाल चरबीच असते. ही एन्झाइमं ती चरबी सतत घडवतात आणि मोडतात.

"आणि त्यांचं काम बिघडलं तर?"

"काही लहान मुलांच्या मेंदूत चरबी साचत जाते. ती मोडत का नाही, त्याचा शोध चाललाय."

"माझंही तसंच काही?"

"ते ठाऊक नाही, काका. अजून कुणालाच नाही. पण मेंदू हाही पोटासारखा अवयवच. तो आजारी पडू शकतो."

"मला वाटायचं, माझंच मन दुबळं," काका म्हणाले.

मागच्या दारातून काकूने विचारलं, "ते मेंदू वाटलेले हात नीट धुतेस ना गं? मग ये, पानं मांड."

काका हसले. कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकलं.

जूनमध्ये ते शाळेत परत रुजू झाले. औषध चालूच होतं. कुणी विचारलं तर टायफॉइड झाल्यासारखं सरळ सांगत, "मेंदूचं दुखणं होतं. आता बरं आहे." माझ्या पुढच्या सुट्टीत त्यांनी मला मेंदूतल्या चरबीबद्दल सांगायला मॅट्रिकच्या वर्गापुढे उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. एका मुलीने विचारलं, "तूप जास्त खाल्लं तर गणित येईल का?"

मी नाही म्हटलं. वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने काका.