शिरीषचा पंप

फ्युएल पंप शोधायला मी बॉनेट उघडून बराच वेळ इंजिनात डोकं घालून उभा होतो. तो मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या टाकीत असतो, हे मला नंतर इंटरनेटवर कळलं. तेव्हा माझ्या मेकॅनिकगिरीबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. माझ्या श्रद्धेबद्दलही नको... आत्मा-बित्मा विषय निघाला की मी चहा टाकायला उठणारा माणूस. तरीही हे लिहितोय.

२००६ चा मे महिना, नॉटिंगहॅम. आमच्या ड्राइव्हवेवर माझ्या मेहुण्याची, शिरीषची, गाडी उभी होती — नव्वदच्या दशकातली जपानी टर्बो. शिरीष आदल्या वर्षी आजारपणात गेला. गाडीची ताकद वाढवायला त्याने इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले होते, पण जुना पंप तेवढं पेट्रोल पुरवेना. चढ लागला की गाडी खोकायची. एकदा तो माधवीला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन एडिनबराला निघाला होता. तिथे त्याची पहिली नोकरी. तिथला समुद्र बहिणीला दाखवायचा होता. स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या चढावरून दोघं परत आले.

"ताई, नवा पंप टाकतो आणि थेट नेतो तुला. मागून भुंग्यासारखा गुणगुणेल बघ!"

पंप आला, तेव्हा शिरीष हॉस्पिटलमध्ये होता. खोकं तसंच राहिलं.

गाडी विकू या म्हटलं की माधवीचं एकच — "एकदा एडिनबराला जाऊन येऊ. मग विका."

"अगं, ट्रेनने जाऊ ना."

"ट्रेनने मी एकटीही जाईन हो."

मग काय, उतरलो मैदानात! एका शनिवारी सकाळी मागची सीट काढली, जुना पंप उपसला, नवा टाकीत सोडून झाकण आवळलं. ठिणगी नको म्हणून पंपाची वायर टेपने बाजूला चिकटवून ठेवली होती. तेवढ्यात आतून हाक — "अहो, उपमा गार होतोय!" उपमा खाऊन आलो, सीट बसवली आणि विजयी मुद्रेने किल्ली फिरवली.

मागून आवाज आला. बारीक, एकसुरी गुणगुण.

शेजारी बसलेली माधवी मागे वळली. "हाच का हो तो?"

"हाच," मी म्हणालो. जणू आयुष्यभर पंपच ऐकत आलो होतो.

पुढच्याच आठवड्यात निघालो. सीमेजवळचा तो चढ आला, तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी खोकली नाही. उलट अशी काही उसळली की माधवीच्या तोंडून निघून गेलं — "शिरीष, हळू!"

मग चढ संपेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

एडिनबराला समुद्रावर भन्नाट वारा होता. ती बराच वेळ एकटीच उभी राहिली. मी गाडीत बसून सँडविच खाल्लं. अशा वेळी नवऱ्याने दुसरं काय करायचं असतं, मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर पेट्रोलचा वास येऊ लागला, म्हणून गाडी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने सीट उचलली, आत पाहिलं आणि मला हाक मारली.

"ही इथपर्यंत आणलीस कशी, मेट?"

"चालवत."

"नाही आणलीस. बघ."

वायर मी चिकटवली होती तिथेच, त्याच टेपखाली होती. झाकणावर ती वायर जिथे जोडायची त्या सॉकेटवर, पॅकिंगमध्ये येते ती लाल प्लास्टिकची टोपी अजून जशीच्या तशी. पंप कधी जोडलाच गेला नव्हता! त्याने किल्ली फिरवली. मागून काही आवाज नाही. इंजिन नुसतं घरघरलं, सुरू झालंच नाही. पंपाशिवाय हे इंजिन मिनिटभरही चालणार नाही, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मीच काहीतरी लपवतोय.

एडिनबरा आणि परत. मी आणखी दोन मेकॅनिकना विचारलं, इंटरनेटवर गाड्यांच्या फोरमवरही विचारलं. एकाने लिहिलं — "काका, तुम्ही ट्रेनने गेला असाल." यापलीकडे उत्तर मिळालं नाही, आजपर्यंत.

त्या दिवशी गॅरेजमधूनच माधवीला फोन केला. टेप, वायर, लाल टोपी... सगळं सांगितलं. मला वाटलं, घाबरेल, नाहीतर हसेल. ती म्हणाली,

"आता जोडून टाका हो. दमला असेल तो."