हळद पडलेलं पाणी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणी वाचणार नाही, तरी चुकांची माफी मागून ठेवते.

नवरा गेल्यावर मी हिंगोलीत खोली केली आणि शहराबाहेरच्या एका कॉलेजात झाडलोटीला लागले. मी लाजरी. कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवते. त्यामुळं माझ्याशी कोणी फार बोलायचं नाही.

बोलायच्या त्या एक मॅडम. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण मोठ्या पदवीसाठी प्रयोग करायच्या. त्यांच्या खोलीत काचेची टाकी होती. आत दोन चकत्या समोरासमोर, एकमेकींच्या उलट फिरायच्या आणि पाणी नुसतं खवळायचं. त्यात त्या मोहरीहून बारीक असा एकच मणी सोडायच्या. तो कुठं कुठं भरकटतो ते त्यांना शोधायचं होतं. टाकीच्या भिंतीला एक चपटी डबी बसवली होती. ती माणसाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडायची. तो मण्यावर आपटून परत यायचा आणि पडद्यावर मण्याच्या वाटेची रेघ उमटायची.

"मावशी, एसटीचा हॉर्न जवळ येताना वेगळा आणि पुढं गेल्यावर वेगळा वाटतो ना?"

"व्हय."

"मण्यावरून परत येणारा आवाजही तसाच बदलतो. त्यावरून मणी किती जोरात पळतोय ते कळतं."

तेव्हापासून औंढ्याच्या रस्त्यावर एसटीला उभी राहिले की मी हॉर्न ऐकत बसायची.

संध्याकाळी टाकीचं पाणी मलमलीतून गाळून मणी हुडकायचं काम मॅडमनी मला दिलं होतं. शिपाई दारातून म्हणायचा, "मावशी, माळ किती ओवून झाली?" मॅडम हसायच्या. मीही पदराआड हसायची.

खंडेनवमीला मॅडम गावी गेल्या होत्या. आमच्याकडं त्या दिवशी औत, विळे पुजतात, विहिरीलाही हळदकुंकू वाहतात. मला वाटलं, हे यंत्र तरी बिनपूजेचं का राहावं. चावी माझ्याकडंच होती. टाकीत पाण्याच्या बाजूनं डबीला कुंकू लावलं, पाण्यात चिमूटभर हळद सोडली. मग डाग दिसला तर मॅडम रागावतील असं वाटलं, म्हणून तारेच्या घासणीनं डबीचं तोंड लख्ख घासून काढलं.

दसरा करून मॅडम परतल्या, तर पडद्यावर रेघाच रेघा.

"मी एकच मणी सोडलाय," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "इथं हजार दिसतायत."

तीन दिवस त्या वायरी काढत होत्या, घालत होत्या. जेवणाचा डबा तसाच परत न्यायच्या. महिनाअखेरीला प्रयोग दाखवला नाही तर त्यांचं वर्ष जाणार होतं. मी झाडू घेऊन दाराशी उभी राहायची आणि परत फिरायची. सांगितलं तर मॅडमच्या खोलीतलं काम सुटेल, मग माझ्याशी बोलणारं कोण राहील, हेच डोक्यात.

चौथ्या दिवशी सांगितलं.

"म्या हळद टाकली."

"कशात?"

"पाण्यात. पूजा केली. मंग ती डबी घासली."

बराच वेळ त्या डबीवरच्या ओरखड्यांवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी तीन रात्री झोपले असते."

त्यांनी पाणी बदललं. नवी डबी स्वतःच्या पैशानं आणली. प्रयोग कसाबसा वेळेत झाला. मला त्यांनी काढलं नाही, पण यंत्राजवळून जाताना मीच भिंतीच्या कडेनं जायची.

पदवी झाल्यावर त्या लांबच्या शहरात नोकरीला गेल्या. जाताना मी डबीचे पैसे फेडीन म्हणाले.

"राहू द्या हो, मावशी."

"न्हाई. तकलीफ म्या दिली."

दर महिन्याला पगार झाला की मोबाईलच्या दुकानातून मी पैसे पाठवायची. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "पैसे पोचले, मावशी. आज भाजी काय केली?" काय बोलायचं ते मी चार दिवस आधीच ठरवून ठेवायची आणि ऐन वेळी म्हणायची, "बरं हाय."

शेवटचा हप्ता दोन वेळा अर्धा-अर्धा पाठवावा, म्हणजे एक फोन जास्तीचा येईल, असं मनात आलं होतं. दुकानापर्यंत तसंच ठरवून गेले. पण काउंटरवर सगळेच दिले.

त्यांचा फोन आला. "मावशी, आता एक रुपयाही राहिला नाही. तब्येतीला जपा."

"बराबर," मी म्हणाले.

पैसे सगळे फिटले.