पाटकरणीचं वावर शेवटी

"पाटाची फळी तूच उचललीस. नाही म्हणू नकोस, चिखलात तुझीच पावलं आहेत."

धाकट्या भावानं मान खाली घातली. "रोपं जळत होती गं अक्का. माझी पाळी अजून लांब. म्हटलं, पाट काय, घरचाच आहे."

"घरचा कधीपासून झाला रे?"

भाऊ जवळ सरकला. चोरीसोबत त्यानं तोडही काढून आणली होती. तळ्यात पाणी मोजकं. त्याच्या कांद्यानं जेवढं पिलं तेवढं पाटाच्या शेपटाला, अक्काच्या वावरात, कमी पडणार, हे उघड होतं. तर खालच्या प्रत्येकाला बोटभर कमी सोडायचं. कुणाच्या बापाला कळणार नाही, आणि अक्काच्या मक्यालाही पाणी मिळेल.

कळलं नसतंच. पाटाचं पाणी वाटणारी पाटकरीण तीच, पाणी मोजायची खाचांची काठी तिच्याच हातात होती. गाव तिला फळीअक्का म्हणायचं आणि तिची काठी कुणी कधी तपासायचं नाही. तपासायची गरज पडू नये अशी सोयच म्हाताऱ्यांनी करून ठेवली होती.

मालकांच्या राज्यात पाटाचं पाणी अडवायच्या फळ्या मालकांच्या गड्याच्या हातात होत्या. मालकांचं वावर माथ्याला. पाणी तिथंच लोळायचं आणि खालच्यांच्या वाट्याला चिखल. शेपटाची माणसं वावरं टाकून शहरात विटा वाहायला गेली. राज्य बुडालं, तेव्हा उरलेली म्हातारी माणसं एकत्र बसली आणि एकच गोष्ट ठरवली: पाटकरी दरवर्षी हात वर करून निवडायचा, पण ज्यांचं वावर अगदी शेवटी, त्यांच्यातलाच. सगळ्यांचं पुरं झाल्याशिवाय त्याला थेंब नाही. वाटेत गळलं, चोरलं, तर तोटा त्याचा. मग तो डोळ्यात तेल घालून राखणारच की.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला पाणी हेच, माती हीच. तिथं फळ्या अजून मोठ्या घराच्या हातात आहेत. माथ्याला तीन मजले चढलेत आणि खाली नुसत्या बाभळी. इकडं शेपटाला पक्की घरं आहेत, दुधाची गाडी दारापर्यंत येते, आणि शहरात गेलेल्यांची नातवंडं परत येऊन नांगर धरतात. अक्का पाहुण्यांना हे दोन्ही काठ हटकून दाखवायची. पोराबाळांचं कौतुक करायला तिची जीभ अडखळायची, पण पाटाचं म्हटलं की सैल सुटायची.

तर दुपारी तळ्याच्या बांधावर पंच बसले. अक्कानंच बोलावले होते. भावाचं नाव तिनंच घेतलं, शेजारच्याचं घ्यावं तसं. पंचांत मुख्य होता न्हावी. गावभरच्या हनुवट्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे कुणाला भीत नसे. तो म्हणाला, एवढी वर्षं पाट राखलास, तुझा मका का मरावा? सगळे राजीखुशीनं बोटबोट पाणी देतो. बसलेल्यांनी माना डोलावल्या.

मका तुऱ्यावर होता. आत्ता पाणी चुकलं की कणसं बोळक्या तोंडाची निघणार, आणि वर्षाचं दाणं त्यातच होतं. हो म्हणावं असं अक्काला फार वाटलं.

"मायेनं देताय, कळतंय मला," ती म्हणाली. "पण मालकांच्या गड्यालाही सगळं असंच माफ व्हायचं. पाटकरणीचा तोटा गावानं भरला, तर उद्याचा पाटकरी चोर कशाला धरेल?"

न्हाव्यानं दाढी खाजवली. "आणि भावाचं?"

"चोराचं ठरलंय तेच. पाटाचा गाळ एकट्यानं काढायचा. माझ्या आईचा म्हणून सूट नाही, आणि माझा राग म्हणून जास्त नाही."

मागून एक म्हातारा म्हणाला, बरंय, यंदा गाळ काढायला घरचा माणूस मिळाला. हशा पिकला. भाऊही हसला, कान लाल करून, आणि म्हणाला की त्याचा कांदा निघाला की दाण्याचं तो बघेल. अक्का म्हणाली, "ते बहीणभावाचं आहे. घरी बोलू. इथं पाटाचं चाललंय."

शेवटच्या पाळीला शेजाऱ्याचं वावर काठीच्या खाचेपर्यंत भरलं. पुढं आली ती पाण्याची करंगळीएवढी धार. तिच्या मक्याच्या दोन सऱ्या ओल्या करून जिरली. अक्कानं वाकून माती चाचपली. मग कमरेला पदर खोचला, काठी काखेत मारली आणि नव्या फेरीची पहिली फळी उचलायला माथ्याकडं चालू लागली.