दाढेवाला सोपान

पुढं कोरेगाव भागात 'दाढेवाला' म्हणून नाव झालेला सोपान १९७४ साली साताऱ्याला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम शिकायला आला. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याच्यापुढं चारा सोडलेला, लाळ गाळणारा बैल उभा केला. "बघ, काय झालंय."

सोपाननं गुरांच्या बाजारात करतात तेच केलं. बैलाचा खालचा ओठ ओढला, वय ठरवायला पुढचे दात मोजले आणि ऐटीत म्हणाला, "सहा दाती हाय, सायेब."

"मी काय विकत घेतोय त्याला?" डॉक्टर भडकले. "दुखतंय कुठं, ते सांग!"

दातांच्या मागं काय असतं, हे सोपाननं कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी बैलाच्या तोंडात लोखंडी चाप बसवला, तसा सोपाननं कोपरापर्यंत हात घातला. आत गरम, खरबरीत असा वेगळाच मुलूख होता. चाचपता चाचपता बोटांना सुरीसारखी धारदार दाढ लागली. तिनंच गाल आतून कापला होता. लांब दांड्याच्या कानशीनं ती घासून काढली.

संध्याकाळी बैल वैरण खाऊ लागला. सोपान मात्र जेवला नाही. गेल्या साली त्याच्या घरचा सोन्या बैलही असाच लाळ गाळायचा. कामातनं गेला म्हणून वडलांनी त्याला बाजार दाखवला, आणि तिथं दहा जणांनी त्याचे पुढचे दात मोजले होते.