कळंब राहिलं

इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, नाद मात्र कंट्री संगीताचा. गिटारवर साध्या चालीत खरीखुरी गोष्ट सांगायची, एवढंच. अमेरिकेतले लोक ट्रकवर गाणी रचतात; माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर, म्हणून मी त्यांच्या बसवर रचलं, इंग्रजीत.

पहिल्यांदा पबच्या मागच्या खोलीत गायले आणि अर्ध्यात थांबले. समोर चाळीस माणसं, पण कुणाचा साधा हुंकार नाही! आपल्याकडे आवडलं की ओळ संपायच्या आत ‘वा’ येते. इथे नुसतं गप्प. मला वाटलं, पार फजिती झाली. ‘सॉरी’ म्हणून उतरले आणि घरी येऊन गिटार कपाटावर टाकली. पुन्हा गायचं नाही, ठरवूनच टाकलं.

कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन केला. “का थांबलीस? आम्ही जिवाचे कान करून ऐकत होतो. इथे गप्प बसणं हीच दाद. पुढच्या महिन्यात ये.”

तोवर बाबा यवतमाळहून राहायला आले होते. मी म्हटलं, शेवटचं एकदा बघू. त्यांना बजावलं, “बाबा, मध्ये बोलायचं नाही हं.” कानटोपी घालून ते पहिल्या रांगेत बसले.

पुन्हा तीच शांतता. कारण कळलं होतं, तरी बोटं आखडायला लागली. कशीबशी मी बसच्या थांब्यांपर्यंत पोचले: वर्धा, देवळी, यवतमाळ. बाबांना इंग्रजी कळत नाही, पण आपला रूट कळणार नाही?

“वाऽ!” ते ओरडले. “पण कळंब राहिलं नं, बेटा!”

मी माइकवर इंग्रजीत सांगितलं, की हेच ते ड्रायव्हर, आणि माझा एक थांबा चुकलाय. सगळी खोली हसली, मीही हसले आणि बोटं मोकळी झाली. गाणं पहिल्यापासून म्हटलं, कळंब घेऊन.

आज माझे दोन अल्बम आहेत, उन्हाळ्यात छोट्या फेस्टिव्हलांची बोलावणी येतात. त्या बाईंचे आणि बाबांचे उपकार मी कधी विसरणार नाही. आता देवळीनंतर मी मुद्दाम थांबते आणि कळंब कधीही न पाहिलेले लोक एका सुरात ओरडतात, “कळंब!”

बाबा परत गेलेत. दर कार्यक्रमानंतर त्यांचा फोन येतो आणि प्रश्न एकच असतो, “कळंबला गाडी थांबली नं?”

“थांबली, बाबा,” मी म्हणते.