कमलने शिवलेलं पोलकं

परवा नगरला जादा भांडी द्यायला गेलो होतो. एक संस्था जुन्या वस्तू विकून गरजूंना मदत करते, तिच्या दुकानात. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला आणि नेवाशाची ओसरी आठवली.

आईला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने आपलं मशीन शेजारच्या कमलला द्यायचं ठरवलं. कमलचा नवरा नुकताच वारला होता. तिने मशीनवरून हात फिरवला आणि मागे सरली.

“न्हाई काकू, फुकटचं नको मला.”

“फुकट कुठं? मला एक पोलकं शिवून दे,” आई म्हणाली.

कमल तिथेच शिवायला बसली. संध्याकाळी पोलकं झालं, काखेत जरा घट्टच. आईने ते घालूनच तिला निरोप दिला.

तेव्हा मला तो सौदा वाटला होता. आता वाटतं, कमलला घेता यावं म्हणूनच आईने मागितलं.