रस्ता ओलांडायची शपथ

पडद्यावर मी होते.

पडदा मोठा, हॉल थंडगार, खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली. आणि पडद्यावर आम्ही बाया. सुरतजवळचा कडोदऱ्याचा हायवे, एकीमागं एक, एकीचा पदर दुसरीच्या मुठीत. डिव्हायडरवर चढताना आमची उडालेली तारांबळ. पोटरीपर्यंत वर गेलेल्या साड्या. कुणीतरी गाडीची काच खाली करून ते शूटिंग केलं होतं. वर सिनेमातलं एक वात्रट गाणं चिकटवलं होतं. गाण्याच्या ठेक्यावर आम्ही चढायचो, मागं यायचो, परत चढायचो. कुणीतरी बसून ते मुद्दाम तसं पुढंमागं केलं होतं. फुरसत होती त्याला.

लोक हसत होते. पुढच्या रांगेतले शेठ हसत होते. त्यांच्या बायका रुमालात हसत होत्या. आमच्या मिलचा मुकादम तर शेठकडं बघून हसत होता, ते हसतील तेवढंच. मागं बसलेल्या आमच्यातल्याही काहीजणी आधी हसल्या. मग त्यांना शेवटची बाई दिसली आणि त्यांची तोंडं मिटली.

शेवटी सरला होती. माझी धाकटी जाऊ. तिची साडी डिव्हायडरवरच्या तारेत अडकली होती. ती साडी सोडवत होती आणि लाजून हसत होती. पडद्यावर तिचं हसणं पुढं, मागं, पुढं, मागं.

सरला त्याच जागी मेली होती. हे शूटिंग झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

माईक एका तरुण पोराच्या हातात होता. हायवेच्या पलीकडं मोठी सोसायटी झाली आहे, तिथला. शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, आवाज गोड. तो म्हणाला, "आ जुओ, पूंछडी पकडीने रोड क्रॉस करे छे."

शेपटी धरून रस्ता ओलांडतात. हॉल परत हसला.

त्या शेपटीचं काय ते सांगते. त्याला ते माहीत नव्हतं आणि विचारावं असंही वाटलं नव्हतं.

आमचं गाव शिरपूरकडचं. गाव अलीकडं, शेतं पलीकडं, मधे नदी. पाणी कंबरेला लागलं तरी निंदणीला जावंच लागायचं. मग बाया रांग करायच्या. सगळ्यात थोरली पुढं, कारण तिला नदीचा तळ माहीत. तिचा पदर दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या. सगळ्यात धाकटी शेवटी. पुढच्यांनी पाय टाकून बघितलेलं असतं, म्हणून शेवटचीला भीती नाही. माझ्या सासूनं मला असंच नदीपार नेलं, तिच्या सासूनं तिला.

सुरतला आलो तेव्हा ही रीत आमच्याबरोबर आली. आमच्या खोल्या हायवेच्या एका बाजूला, मिल दुसऱ्या बाजूला. रंगून, छापून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, असं आमचं खातं. सगळ्या खानदेशच्याच बाया. पाळी सुटली की आमच्यातली थोरली निंबाबाई पुढं व्हायची आणि म्हणायची, "चाला वं, पदर सोडू नका." आम्ही पदर धरायचो. ट्रक, टँकर, लक्झरी, सगळे अंगावर येत असायचे. पण मुठीत पदर असला की धीर यायचा.

नदीत शेवटची बाई सुखरूप असते. हायवेवर उलटं असतं. पहिली निघते तेव्हा रस्ता मोकळा असतो. शेवटची निघेपर्यंत ट्रक आलेला असतो. ही गोष्ट आम्हाला कळायला सरला जावी लागली.

पण आम्ही आधी डिव्हायडरवर चढत नव्हतो. हौस नव्हती कुणाला. आमच्या मिलच्या समोरच डिव्हायडरला कट होता, म्हणजे मधे मोकळी जागा सोडलेली. तिथून आम्ही जायचो. तिथंच शहराकडची बस थांबायची. मग पलीकडं ती सोसायटी उभी राहिली. एका दिवशी आमच्या कटात सिमेंटचे ठोकळे पडले, वर काटेरी तार. आणि पुढं, सोसायटीच्या गेटसमोर नवीन कट झाला. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना कुंड्या. बस पण तिकडं सरकली. त्यांच्या मोलकरणी बसनं येतात ना.

आम्ही म्हटलं ठीक आहे, थोडं चालू, त्या कटातून जाऊ. पहिल्याच दिवशी वॉचमननं शिटी मारली. ढोरं हाकलतात तसा हात केला. म्हणाला, इथून नाही, इथून गाड्या वळतात. दुसऱ्या दिवशी निंबाबाईच्या पाठीला त्यानं काठी लावली. मारली नाही. लावली. ढकलायला. ती सासू झालेली, नातवंडं असलेली बाई. कुंडीवर धडपडली. गाडीतले लोक बघत होते. एकानंही काच खाली केली नाही.

म्हणून आम्ही डिव्हायडरवर चढायला लागलो.

सरला गेली त्या संध्याकाळी मी तिच्या पुढं होते. माझा पदर सरलाच्या मुठीत. मी डिव्हायडरवर पाय ठेवला, ती अजून खाली रस्त्यावर. टँकर आला. लोक म्हणतात तिचा हात सुटला. सुटला नाही. तिनं सोडला. पदर ओढला जाणं वेगळं आणि सोडून दिला जाणं वेगळं, हे बाईला कळतं. तिनं धरून ठेवला असता तर मी तिच्याबरोबर खाली गेले असते. एवढा विचार करायला तिला वेळ कुठून मिळाला ते मला आजही कळत नाही. तिची मुलगी आता माझ्याजवळ झोपते.

ही ती शेपटी.

तर हॉलमध्ये. शूटिंग संपलं, दिवे लागले. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता तो. सोसायटीच्या लोकांनी आणि मिलवाल्यांनी मिळून केलेला. आमची पाळी लवकर सोडून आम्हाला टेम्पोत घालून आणलं होतं, नाष्ट्याला खमण ठेवलं होतं. खमण खात आपली फजिती बघायची, असा बेत.

सोसायटीचे प्रमुख उठले. वयस्कर, गळ्यात सोन्याची चेन, बोलणं तोलून मापून. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. उजवा हात पुढं करायला लावला आणि शपथ सांगायला लागले. मी कायम झेब्रा क्रॉसिंगवरूनच रस्ता ओलांडीन. मी डिव्हायडरवर कधी चढणार नाही. आमच्या त्या सगळ्या पट्ट्यात रस्त्यावर पांढरा पट्टा औषधालाही नाही. नसलेल्या पट्ट्यावरून जायची शपथ आम्ही घ्यायची.

सगळ्यांचे हात पुढं झाले. माझा झाला नाही. मी ठरवून केलं नाही. हात उचलायला गेले आणि तो उचललाच नाही.

प्रमुखांनी ते बघितलं. माईकवरूनच विचारलं, "मासी, हाथ नहीं उठाया? मरना है क्या?"

काही लोक हसले. मला तोवर लाज वाटत होती, हातातली डिश कुठं ठेवू, पदर नीट आहे का, असलं सगळं मनात चाललं होतं. त्या हसण्यानं ते सगळं गेलं. मला राग आला. असा राग मला आयुष्यात आधी कधी आला नव्हता. येऊ दिलाच नव्हता.

मी म्हटलं, "वो जो आखिर में हँस रही है ना साहब, वो मेरी देरानी है. मर गई. उसी जगह."

मला वाटलं आता तरी हा माणूस मान खाली घालील. माणूसच ना. त्यानं माईक या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "इसीलिए तो शपथ है. गलती आप लोग करते हो, बदनाम हमारा एरिया होता है."

बदनाम. एरिया. सरला गेली याचं दुःख त्यांच्या एरियाला झालं होतं.

मी ओरडले नाही. पण माझा आवाज माईकशिवाय शेवटपर्यंत गेला. मी म्हटलं, "हमारा रास्ता उठाकर तुमने अपने गेट के सामने रखा. पहले वो वापस करो. शपथ बाद में."

तो पोरगा म्हणाला, बेसी जाव, मासी. मी बसले नाही. मी निघाले. निंबाबाईनं खमणाची डिश त्या पांढऱ्या खुर्चीवर ठेवली आणि माझ्या मागं आली. मग आणखी आल्या. सगळ्या नाही. मुकादमाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची हिंमत सगळ्यांत नसते, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं मला मिलच्या गेटवरच अडवलं. शेठचा निरोप होता. पाहुण्यांसमोर मिलची इज्जत घालवली, जाऊन माफी माग, मग आत ये. घरी नवऱ्याला सांगितलं. तो लूमवर काम करतो, यंत्राच्या आवाजानं त्याचे कान गेलेत, पण हे त्याला लगेच ऐकू आलं. म्हणाला, "माफी मांगी ले. आपले आठेच ऱ्हानं से." इथंच राहायचं आहे आपल्याला. मी म्हटलं, इथंच राहायचं आहे, म्हणूनच. "मी नई मांगस."

माझं काम गेलं.

त्या संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला मी गेटवर जाऊन उभी राहिले. बाया बाहेर आल्या. मी म्हटलं, आज डिव्हायडरवर चढायचं नाही. आज त्यांच्या कटातून जायचं. आणि रांग करायची नाही. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, शेजारीशेजारी. कुणी पहिली नाही, कुणी शेवटची नाही.

गेलो. वॉचमननं शिटी मारली. परत मारली. मग जवळ येऊन हात जोडले, "बहनजी, मेरी नौकरी जाएगी." मी म्हटलं, "मेरी गई." तो बाजूला झाला. तोही आमच्यासारखाच लांबून पोट भरायला आलेला, पण त्या वेळी मला त्याची दया आली नाही. निंबाबाईची पाठ मला आठवत होती.

आम्ही कटात पसरून उभ्या राहिलो. वळायला आलेली गाडी थांबली. तिच्या मागं दुसरी. हॉर्न सुरू झाले. मग आम्ही सगळ्या एकदम रस्त्यात उतरलो, हात वर करून, चालत. धावत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तो हायवे चालत ओलांडला. टँकर थांबला. थांबतो टँकर. त्याला ब्रेक असतो. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं नसतोच.

एका गाडीची काच खाली झाली. आतली बाई म्हणाली, "आ लोकोने माथे चडावी दीधा छे." डोक्यावर चढवून ठेवलंय म्हणे आम्हाला. कुणी चढवलं बाई? कधी? आम्ही तर डिव्हायडरवर चढत होतो.

पोलीस आले. पुढारी कोण विचारलं. मी म्हटलं, पुढारी असता तर रस्ता झाला नसता का? रस्त्याच्या ऑफिसात गेलो तर तिथला साहेब म्हणाला, हायवे वेगासाठी असतो, पायी चालणाऱ्यांसाठी पूल विचाराधीन आहे. विचार चालू आहे. तोवर आम्ही मरत राहायचं, विचारात खंड नको.

आम्ही रोज जात राहिलो. कटात उभ्या राहत राहिलो. पलसाण्याकडच्या मिलमधल्या बाया येऊन बघून गेल्या, आता त्यांच्या तिथं त्या उभ्या राहतात.

आणि मागच्या रविवारी प्रमुख माझ्या खोलीवर आले. बरोबर तो माईकवाला पोरगा. मिठाईचा डबा. प्रमुख म्हणाले, महिलांचा कार्यक्रम आहे, जागृत महिला म्हणून शाल देऊन तुमचा सत्कार करतो, मिलच्या शेठशी कामाचंही बोलतो. फक्त ते कटात उभं राहणं बंद करा, लोकांना त्रास होतो.

पोरगा खाली बघत म्हणाला, "सॉरी आंटी. हमें पता नहीं था कि वो मर गई है."

त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला दिसलं ते. आणि त्याचं ते वाईट वाटणं ऐकूनच माझ्या डोक्यात लख्ख झालं, इतके दिवस मला काय खुपत होतं ते. मी म्हटलं, "मतलब जिंदा होती तो हँसना ठीक था?"

आम्ही मेलो तर त्यांना वाईट वाटतं. जिवंत असताना आम्ही त्यांच्या गाडीसमोर आलेली गंमत असतो, नाहीतर अडचण. मरून मिळणारी इज्जत मला नको. सरलाला नको होती. तिला घरी जायचं होतं, चूल पेटवायची होती, पोरीची वेणी घालायची होती.

डबा मी त्यांच्या हातात परत दिला. बसा म्हटलं नव्हतं, म्हणून उठवायचाही प्रश्न नव्हता. दारातून बाहेर पडताना प्रमुख म्हणाले, हे फार दिवस चालणार नाही.

चालेल. त्यांनी पोलीस आणले तर पोलिसांसमोर उभ्या राहू. आमचा जुना कट ते उघडणार नाहीत तर आम्ही उघडू. आमच्या वस्तीत पहारी आहेत, घण आहेत आणि ते चालवणारे हात आहेत. त्यांच्या सोसायटीचे पाये ह्याच हातांनी खणले. सरलाची मुलगी मोठी होऊन कुठं काम करेल ते मला माहीत नाही, पण जिथं करेल तिथून ती रस्त्यावरून चालत घरी येईल.

उद्या पाळी सुटली की आम्ही परत जाणार. परवाही. गाड्या थांबतील. थांबायची सवय आता त्यांनी करून घ्यावी.